सागर रक्षक दल, मुक्काम सबाह अल-सालेम

साकिबचा फोन आला तेव्हा यूसुफभाई सोलकर कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या जमियात, म्हणजे वस्तीच्या सहकारी भांडारात, कांदे निवडत होते. हे काम ते दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. फरशा विकणाऱ्या एका कंपनीचा खरेदी विभाग अठ्ठावीस वर्षं सांभाळलेल्या माणसाला कांद्यातही आतली भेग बाहेरून दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. घरी गेल्यावर त्यातले निम्मे सडके निघत, तो भाग वेगळा.

"भाई, तुझं नाव टाकू काय?" साकिबने विचारलं. साकिब हा धाकटा भाऊ. नांदखोल बंदरात बर्फाचा कारखाना चालवतो आणि गावातल्या प्रत्येक समितीत असतो.

"कशात?"

"सागर रक्षक दलात रे. पोलिसांना मदत करायची. बंदरात अनोळखी होडी दिसली, अनोळखी माणूस दिसला, की कळवायचं. पोरं सगळी तुझ्यासारखीच उडाली. कोण मस्कतला, कोण मुंब्र्याला. साहेब म्हणतो, माणसं भरत नसतील तर दल बंद करा. तू नुसता हो म्हण. कागदावर माणूस दिसला म्हंजे झालं."

कुणाही शहाण्या माणसाने हो किंवा नाही म्हणून कांदे वजनाला टाकले असते. यूसुफभाई म्हणाले, "विचार करून सांगतो."

साकिब हसला. "यात विचार कसला करतोस?"

पण त्यात विचार करण्यासारखं होतं. नांदखोलहून यूसुफभाईंना विचारणा होत नसे असं नाही. मशिदीला पंखे हवेत, शाळेचे पत्रे उडालेत, मोहल्ल्याच्या क्रिकेटसंघाला टी-शर्ट हवेत, अशा विचारणा वर्षभर होत. पण 'तू हवास' असं कुणी म्हटलं नव्हतं. आता गावाला त्यांचे पंखे नको होते, ते स्वतः हवे होते. कागदापुरतेच का होईनात. त्या दिवशी यूसुफभाईंनी कांदे तसेच टोपलीत ठेवले आणि नुसता पुदिना घेऊन घरी आले.

मुमताजभाभींनी सगळं ऐकून घेतलं. त्या सालमियाच्या एका बालवाडीत शिकवतात, त्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी आधी शेवटपर्यंत ऐकायची त्यांना सवय आहे.

"कागदावर नाव द्यायचंय ना? द्या की मग."

"असं कसं देऊ? समुद्राचं काम आहे. उद्या कुणी बुडायला लागला तर?"

"तर काय कराल? तुम्हाला पोहता येतं?"

यूसुफभाईंनी पुदिना निवडायला घेतला. आजोबा तांडेल होते, त्यांचा मचवा पार वेरावळपर्यंत जायचा. अब्बांची होडी होती. अशा घरातल्या मुलाला पोहता येतं का, हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही आणि गावाबाहेर तर कुणालाच सुचत नाही. यूसुफभाई लहानपणी होडीत बसून हिशेब लिहायचे. कोरडा हात लागणारं ते एकच काम होतं, आणि त्यांनी ते धरून ठेवलं.

"चोवीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," मुमताजभाभी म्हणाल्या, "आणि मला हे आज कळतंय!"

आतल्या खोलीतून त्यांची लेक तहरीम बाहेर आली. ती इथल्याच कॉलेजात शिकते. तिचा जन्म इथला, त्यामुळे ती आईबापांचं बोलणं मराठीत ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. "अब्बा, सीरियसली? यू कान्ट स्विम? अँड यू वॉन्ट टु बी कोस्ट गार्ड?"

"कोस्ट गार्ड नाही गं, रक्षक दल."

"सेम थिंग," म्हणून ती आत गेली. या दोन शब्दांनी पुढे किती घोटाळा होणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

समोरच्या फ्लॅटमध्ये सदानंद टिल्लू राहतात. मूळचे पुण्याचे, एका बँकेत जोखीम विभागात. जगात जे जे काही घडू शकतं ते सगळं त्यांना आधी वाईट बाजूने दिसतं आणि त्याचाच त्यांना पगार मिळतो. शुक्रवारी चहाला आले ते लॅपटॉप घेऊनच.

"यूसुफभाई, इमोशनल होऊ नका. आपण कॉलम पाडू. हा फायद्यांचा, हा तोट्यांचा." तोट्यांच्या कॉलममध्ये त्यांनी वय, गुडघे, नोकरी, तहरीमचं शिक्षण, इथला अकामा म्हणजे राहण्याचा परवाना, तिथली लाइट आणि बुडणे असं भराभर लिहून काढलं. मग फायद्यांच्या कॉलमशी ते बराच वेळ थबकले. "काय मिळतं म्हणालात?"

"टोपी, शिट्टी आणि ओळखपत्र."

"टोपी," टिल्लूंनी टाइप केलं.

उल्काताई, त्यांच्या पत्नी, दारातच उभ्या होत्या. "अहो, यांना जावंसं वाटतंय का ते विचारा की आधी."

"तो कॉलम शेवटी घेऊ," टिल्लू म्हणाले. तो शेवटपर्यंत आला नाही, कारण तेवढ्यात बॅटरी संपली.

लॅपटॉप बंद झाला तरी टिल्लूंचं तोंड चालू होतं. शनिवारी लिफ्टमध्ये एक हैदराबादी शेजारी यूसुफभाईंना "मुबारक हो" म्हणाले. रविवारी ऑफिसात कळलं की त्यांचं भारतीय तटरक्षक दलात सिलेक्शन झालंय. सोमवारी कोकणी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी हार घातलेल्या जहाजाचं चित्र टाकलं, आणि खाली लोकांनी हात जोडायला आणि फुलं उधळायला सुरुवात केली. 'नुसता विचार चालू आहे,' असं यूसुफभाईंनी तिथे तीनदा लिहिलं. त्याला लोकांनी 'किती हा साधेपणा!' असं उत्तर दिलं. मंडळाच्या सेक्रेटरींनी पुढच्या स्नेहसंमेलनात 'समुद्र आणि आपली सुरक्षितता' या विषयावर वीस मिनिटं बोलण्याची विनंती केली. इमारतीचा इजिप्तचा रखवालदार त्यांना 'कप्तान' म्हणू लागला. आजवर तो त्यांना काहीच म्हणत नसे.

अशा परिस्थितीत माणसाला पोहायला शिकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

रुमैथियातल्या एका क्लबात अशरफ नावाचे कालिकतचे गृहस्थ पोहायला शिकवत. मोठ्या माणसांची बॅच यूसुफभाईंच्या ऑफिसच्या वेळेत होती, म्हणून अशरफनी त्यांना शनिवारच्या नवशिक्यांत घेतलं. त्या बॅचचं सरासरी वय सात होतं. यूसुफभाई पाण्यात उतरले तेव्हा बाकीची बॅच काठावर ओळीने बसून पाहत होती, कारण त्यांनी इतका मोठा नवशिक्या कधी पाहिला नव्हता.

"बॉडी ढीला छोडो," अशरफ हिंदीत म्हणाले.

यूसुफभाईंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट ढिली सोडली नव्हती. होडी त्यांनी एकदाच पाण्यावर सोडली होती, लहानपणी, आणि ती अब्बांना पोहत जाऊन आणावी लागली होती. ते तळाला गेले. वर आले तेव्हा नाकातोंडात क्लोरीन होतं आणि काठावरची एक चिमुरडी त्यांना धीर देत होती, "इट्स ओके अंकल, आय ऑल्सो क्राइड."

"मी रडत नव्हतो," यूसुफभाई घरी येऊन म्हणाले. "क्लोरीनने डोळे लाल होतात."

तरी ते जात राहिले. महिन्याभरात त्यांना पाठीवर तरंगता यायला लागलं. हातपाय मारायला घेतले की बुडत, पण स्वस्थ पडून राहिले की तरंगत. कान पाण्याखाली गेले की बाहेरचा सगळा गलबला बंद व्हायचा आणि आत एक घुमल्यासारखा आवाज यायचा. नांदखोलला भरतीच्या वेळी घराच्या मागल्या भिंतीला कान लावला की ऐकू यायचा, तसलाच. छताकडे बघत ते तसेच पडून राहायचे आणि अशरफ काठावरून ओरडायचे, "सोलकर भाई, किक! किक!"

इथला समुद्र त्यांनी इतकी वर्षं गाडीच्या काचेतूनच पाहिला होता. बशीत ओतलेल्या चहासारखा सपाट. त्याला ना गाज, ना मासळीचा वास. असल्या समुद्राची काय राखण करायची, असं त्यांना वाटे. पण आता सराव हवा होता. साकिबने सांगितलं होतं की लांबची होडी ओळखता आली पाहिजे. म्हणून यूसुफभाईंनी एक दुर्बीण घेतली आणि ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळीच दस्मानच्या बाजूला समुद्रकाठच्या बाकावर जाऊन बसले.

दस्मान हा शहराचा मानाचा भाग, राजवाडाही तिथेच. तिथे दुर्बीण लावून तासभर बसू नये, हे कुवेतमध्ये नवीन आलेल्या माणसालाही कळतं. यूसुफभाईंना अठ्ठावीस वर्षांत कळलं नाही, कारण त्यांच्याकडे दुर्बीणच नव्हती.

दोन तरुण पोलीस येऊन उभे राहिले. एकाने नम्रपणे बताका मागितला. ओळखपत्र बघून त्याने अरबीत विचारलं, की इथे काय चाललंय.

यूसुफभाईंचं अरबी फरशांपुरतं होतं. चौकोनी, गुळगुळीत, तुटलेली, परत पाठवा, एवढं ते अस्खलित बोलत. मनातली गोष्ट सांगायची वेळ त्या भाषेत त्यांच्यावर कधी आली नव्हती. मी एका गावचा आहे, तिथे समुद्र आहे, तिथल्या लोकांनी मला बोलावलंय, जावं की न जावं ते ठरत नाहीये, हे सगळं त्यांना सांगायचं होतं. त्यातले जेवढे शब्द सापडले तेवढे त्यांनी बाहेर काढले.

"अना खफर सवाहिल," ते म्हणाले. म्हणजे, मी तटरक्षक आहे.

पोलिसाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वल्ला?" म्हणजे, खरंच?

"हिंद," यूसुफभाईंनी घाईघाईने दुरुस्ती केली. मी भारताचा तटरक्षक आहे.

याने प्रकरण सुधारलं नाही. परक्या देशाचा तटरक्षक शुक्रवारी सकाळी दस्मानला दुर्बीण घेऊन बसतो, याचा अर्थ काय लावायचा ते त्या पोरांनाही कळेना. त्यांनी यूसुफभाईंना चौकीत नेलं, सावलीत बसवलं, चहा दिला, आणि कंपनीच्या मंदूबला फोन करायला सांगितलं. मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारी कामं करणारा माणूस. त्याची शुक्रवारची झोप मोडलेली होती. तो आला, त्याने पंधरा मिनिटं खुलासा केला, आणि त्यातला 'फरशा' हा एकच शब्द यूसुफभाईंना समजला. मग सगळे हसले. मोठ्या अधिकाऱ्याने विचारलं, "कप्तान, तुझं जहाज कुठंय?" यूसुफभाईंनी मोबाइलवर नांदखोलचा फोटो दाखवला. त्या अधिकाऱ्याने तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. माझे आजोबाही लाकडी जहाजावर होते, तुमच्याकडे यायचे, असं काहीसं तो म्हणाला आणि दुर्बीण परत देत एवढंच सांगितलं की ही घरी ठेव.

"पोलिसांनी मला चहा दिला," यूसुफभाई घरी म्हणाले.

"मंदूबने मला फोन केला होता," मुमताजभाभी म्हणाल्या. "अकामा गेला असता म्हणजे? तहरीमचं काय झालं असतं? माझं काय झालं असतं?"

"तुझं काय? घरी गेलो असतो आपण. आपल्या घरी."

मुमताजभाभींनी हातातली परात खाली ठेवली. त्या सहसा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही.

"तुम्हाला तिथं समुद्र राखायचाय. मला तिथं सगळं गाव राखणार. कुठं चाललीस, कुणाबरोबर बोललीस, गाडी कशाला चालवतेस. इथं मी सकाळी स्वतः गाडी काढते, शाळेत जाते, मुलं मला मिस म्हणतात. तिथं मी सोलकरांची मोठी सून. तुम्ही टिल्लूंना विचारलंत, साकिबला विचारलंत, त्या अशरफलासुद्धा विचारलंत. मला कुठं विचारलंत?"

लग्नानंतर यूसुफभाईंनी मुमताजला इथे आणलं तेव्हा ती पहिले सहा महिने रोज रडायची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ती कधी रडायची थांबली ते मात्र आठवेना. आणि थांबल्यावर तिने इथे काय काय उभं केलं, तिकडे त्यांनी नीट पाहिलंही नव्हतं.

"विचारतो ना," ते शेवटी म्हणाले. "तुला जावंसं वाटत नाही?"

"समुद्र आठवतो," त्या म्हणाल्या. "गाव नाही आठवत." आणि परात उचलून आत गेल्या.

डिसेंबरात तिघंही सुट्टीवर नांदखोलला गेली. साकिबला अजून उत्तर दिलेलं नव्हतं आणि साहेबांना यादी हवी होती. मुंबईहून रात्रभर गाडीने येऊनही यूसुफभाईंना झोप लागली नाही. उजाडताच ते कुणाला न सांगता बाहेर पडले आणि बंदराच्या अंगाला पुळणीवर जाऊन उभे राहिले. ओहोटी लागली होती. वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात शिरला आणि त्यांना एकदम बसावंसं वाटलं. ते एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले.

"ओ, कोण तुम्ही?"

मागे एक बाई उभी होती. तिशीची, डोक्यावर ओढणी, त्यावर दलाची टोपी, गळ्यात शिट्टी.

"मी... असाच."

"असाच म्हंजे? कुठून आलात? कुणाकडे उतरलात?"

हे ती अगदी बरोबर विचारत होती. अनोळखी माणूस दिसला की कळवायचं, हेच काम होतं. या पुळणीवर यूसुफभाई चालायला शिकले होते, आणि आता त्यांना सांगता येईना की आपण कुठून आलो.

"सोलकरांकडे," ते म्हणाले.

"साकिबभाईंचे पाहुणे काय?"

"भाऊ."

तिने पटकन टोपी सारखी केली. "कुवेतवाले यूसुफभाई? या अल्ला! माफ करा हां. मी मुनिरा. उर्दू शाळेत शिकवते. लग्न होऊन आले इथं, पाच वर्षं होतील. तुम्हाला कधी बघितलंच नाय."

"नाही, नाही. बरोबर विचारलंत." यूसुफभाईंनी घसा साफ केला. "या दलात घ्यायला काय लागतं हो? पोहता यायला लागतं?"

"मला कुठं येतं!" मुनिरा हसली. "ऱ्हायला लागतं इथं. रोजचं माणूस रोज बघितलं, तर नवीन माणूस कळतं. दुसरं काय?"

रुमैथियाचं सगळं क्लोरीन यूसुफभाईंच्या नाकात परत चढल्यासारखं झालं.

एवढ्यात खाडीच्या तोंडातून होड्या आत यायला लागल्या. मुनिरा एकेक नाव सांगू लागली. ही पारकरांची, ही नवी, फायबरची, ही पलीकडच्या वाडीची. यूसुफभाईंना एकही ओळखू येईना. सगळ्यांचे रंग बदलले होते, निम्म्या तर त्यांच्या माघारीच बांधलेल्या. मग एक निळी होडी वळसा घेऊन आत आली. सुकाणूवर एक माणूस उभा होता. एक पाय काठावर, हात कमरेवर, मान जराशी वाकडी, जणू समुद्राशी त्याचं काहीतरी बिनसलंय.

"विठ्ठल!" यूसुफभाई उठून उभे राहिले. "विठ्ठल तांडेल! अब्बांच्या होडीवर होता तो!"

"विठ्ठलआजोबा तर वारले," मुनिरा म्हणाली. "मी आले त्याच वर्षी. हा त्यांचा मुलगा. तुम्हाला कसं कळलं?"

यूसुफभाईंनी नुसता हात वर केला. होडीवरच्या माणसाने ऊन अडवायला डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्याने ओळखलं नाही. पण किनाऱ्यावरून कुणी हात केला तर आपणही करावा, म्हणून त्याने केला.

घरी आले तेव्हा साकिब ओटीवर चहा घेत होता. मुमताजभाभी खिडकीशी बसल्या होत्या. तहरीम मोबाइलचं नेटवर्क शोधत अंगणभर फिरत होती.

"बोल भाई," साकिब म्हणाला. "आज यादी द्यायचीय. तुझं नाव टाकू?"

"नको."

साकिबने कप खाली ठेवला. "नको? तिकडं म्हणे तू पोहायला शिकलास, पोलीस चौकीत जाऊन आलास. सगळं कळलंय मला."

"पोहायला नाही, तरंगायला," यूसुफभाई म्हणाले. "आणि जो इथं नाही त्याचं नाव लिहून काय करणार? रात्री होडी आली तर माझं नाव उठून शिट्टी मारणार आहे?"

"मग आता काय? यादीत माणूस कमी पडतो त्याचं काय?"

"राखीव म्हणून लिही."

"राखीव असा प्रकारच नाय आमच्यात."

"मग साहेबांना सांग, सुरू करा. अर्ध्या मोहल्ल्याची नावं मिळतील. मस्कतची, कतारची, सगळी."

साकिब हसून हसून लोळायच्या बेताला आला. यूसुफभाईही हसले, पण त्यांना फार वेळ हसता आलं नाही. ते खिडकीशी जाऊन मुमताजभाभींच्या शेजारी उभे राहिले.

"तहरीमचं कॉलेज होऊ दे," ते हळूच म्हणाले. "मग तुला परत विचारीन. मोटारीसकट."

"मोटारीसकट म्हणजे?"

"इथंसुद्धा तूच चालवायचीस. मी शेजारी बसेन. गाव बघेल ते बघेल."

खिडकीतून माडांच्या मधून समुद्राचा हाताएवढा तुकडा दिसत होता, तिकडे मुमताजभाभी पाहत होत्या.

"बघू," त्या म्हणाल्या.

चोवीस वर्षांच्या संसारात त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' असायचं. यूसुफभाईंना ते पक्कं ठाऊक होतं. पण 'बघू' म्हणून झाल्यावरही त्या खिडकीतून हलल्या नाहीत, आणि मग यूसुफभाईही हलले नाहीत.